बुलेटसाठी ऑइल कॅच कॅन किट: डबा बरा आहे, पण आधी रबर तपासा

‘युनिव्हर्सल ऑइल कॅच कॅन’ म्हणून ऑनलाइन आणि मॉडिफिकेशनच्या दुकानांत ॲल्युमिनियमचा एक डबा मिळतो, इंजिनमधून हवेबरोबर बाहेर येणारं तेल अडवायला. क्षमता साधारण ३०० मिली, वर दोन नोझल, बाजूला पातळी दाखवणारी पारदर्शक नळी, खाली ड्रेन प्लग. सोबत मीटरभर नळी, चार क्लिपा आणि पत्र्याचा ब्रॅकेट. स्टिकर वेगवेगळे असले तरी आतला माल बहुतेक एकाच धाटणीचा असतो. इथे तो पाहायचाय जुन्या कास्ट आयर्न (ओतीव लोखंडी इंजिनच्या) ३५० बुलेटच्या हिशोबाने, कारण ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडातून, तेल फेकते ही तक्रार या गाडीला जितकी चिकटली आहे तितकी दुसऱ्या कुठल्या गाडीला नसेल. नंतर आलेल्या यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनवाल्यांसाठी पुढे वेगळं लिहिलंय, ते वाचल्याशिवाय काही विकत घेऊ नका.

निकाल आधीच सांगून टाकतो. खोक्यातून काढून जसाच्या तसा बसवला तर पाचपैकी दोन. आत जाळी भरली, नळी बदलली, नोझलचं भोक मोठं केलं तर साडेतीन. आणि बऱ्याच गाड्यांना या डब्याची गरजच नसते, कारण तेल फेकण्याचं मूळ कारण एक तर ब्रीदरच्या वॉल्व्हचं कडक झालेलं रबर असतं, नाहीतर मालकाने प्रेमाने ओतलेलं जास्तीचं तेल.

३५० बुलेटचा बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी. पिस्टन खाली आला की क्रँककेसमधली (पिस्टनखाली क्रँक फिरतो त्या पोकळीतली) जागा ३४६ सीसीने कमी होते, वर गेला की तेवढीच वाढते. ३००० आरपीएमला हे सेकंदाला ५० वेळा होतं, म्हणजे सेकंदाला सतरा लिटरच्या वर हवा ब्रीदरकडे ढकलली जाते आणि तितकीच परत ओढली जाते. ही हवा जाता जाता तेलाची वाफ आणि थेंब सोबत नेते. पिस्टनच्या रिंगांमधून निसटणारा गॅस वेगळा, पण इंजिन धड असेल तर तो या धक्क्यापुढे किरकोळ.

म्हणून ब्रीदरला एकाच दिशेने उघडणारा वॉल्व्ह असतो. बुलेटमध्ये तो चपट्या ओठांच्या रबराचा, सगळे त्याला डकबिल म्हणतात. पिस्टन खाली येताना ओठ उघडतात, वर जाताना मिटतात. इंजिन सुरू झाल्यावर थोड्याच वेळात आतली जास्तीची हवा बाहेर पडते आणि क्रँककेसमध्ये हलकी पोकळी तयार होते. मग ब्रीदरमधून फक्त रिंगांवाटे आलेला गॅस तेवढा निघतो. हवा कमी हलली की तेलही कमी उडतं, आणि आत पोकळी असली की पॅकिंगमधून तेल बाहेर यायला जोरही उरत नाही. बुलेट म्हणजे तेल गळणारच, असं म्हणणाऱ्यांच्या गाडीचं डकबिल आधी बघावं.

हे रबर इंजिनच्या उष्णतेने आणि तेलाने दोन प्रकारे बिघडतं. पहिला प्रकार, ओठ कडक होऊन कायमचे उघडे राहतात. मग इंजिन दोन्ही दिशांनी श्वास घेतं, ब्रीदर पाइपमधून तेल बाहेर पडतं आणि बाहेरची धूळ-पाणी आत जातं. दुसरा प्रकार जास्त महागात पडतो: ओठ एकमेकांना चिकटतात किंवा नळीत घट्ट गाळ बसतो. दाब बाहेर जायला वाट नाही म्हटल्यावर तो पुशरॉडच्या झाकणातून, रॉकर कव्हरच्या पॅकिंगमधून, डाव्या बाजूच्या क्रँकच्या ऑइल सीलमधून वाट काढतो. सील हरलं की इंजिन ऑइल प्रायमरी चेनकेसमध्ये (डावीकडच्या क्लचच्या कप्प्यात) जातं, तिथली पातळी आपोआप वाढते, क्लच घसरायला लागतो आणि गाडी क्लच प्लेटांसाठी गॅरेजला जाते. प्लेटा बदलून आठ दिवसांत पुन्हा तेच. चेनकेसचा लेव्हल स्क्रू काढल्यावर ओतलं होतं त्याहून जास्त तेल निघालं तर ब्रीदरकडे वळा.

तपासणी सोपी आहे. इंजिन गरम करून आयडलला ठेवा आणि ब्रीदर नळीच्या टोकावर बोट धरा. बोटाला बाहेर ढकलणारे टक-टक झटके लागले पाहिजेत, आत ओढल्यासारखं अजिबात वाटता कामा नये. ढकलणं आणि ओढणं दोन्ही लागलं तर वॉल्व्ह गेला. काहीच लागत नसेल तर नळी तुंबली आहे किंवा हवा दुसरीकडून पळतेय. नवीन डकबिल एक लिटर चांगल्या इंजिन ऑइलपेक्षा स्वस्त मिळतं. घेताना ओठ बोटांनी दाबून उघडून बघा. मऊ हवं, आणि सोडल्यावर पूर्ण मिटलं पाहिजे. उजेडासमोर धरल्यावर फट दिसली तर दुसरं मागा. लोकल मालात मोल्डिंगची कड ओठांमध्ये राहिलेली सर्रास दिसते.

रबर ठीक निघालं तर पुढचा संशय तेलाच्या पातळीवर. कास्ट आयर्न बुलेटमध्ये तेलाची टाकी इंजिनच्या कास्टिंगमध्येच आहे, पण क्रँक फिरतो त्या जागेपासून वेगळी. एक पंप टाकीतून तेल पाठवतो, दुसरा क्रँककेसमध्ये पडलेलं तेल परत टाकीत आणतो. गाडी आठवडा-दोन आठवडे उभी राहिली की टाकीतलं तेल पंपाच्या झिजलेल्या डिस्कमधून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. सकाळी डिपस्टिक लावली की तेल कमी दिसतं, माणूस अर्धा लिटर ओततो, किक मारतो, आणि मिनिटभरात ब्रीदरमधून धार. गाडी तेल खात नव्हती, तेल फक्त दुसऱ्या खोलीत जाऊन बसलं होतं.

त्यामुळे या इंजिनची पातळी कधीही थंड असताना बघायची नाही. पाच मिनिटं इंजिन चालवा, बंद करा, दोनेक मिनिटं थांबा, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करा आणि मग डिपस्टिक पाहा. वरच्या खुणेला टेकवण्याचा हट्ट नको, दोन खुणांच्या मधोमध पुरे. तेल जास्त झालंय असं वाटलं तर काढून टाका. ब्रीदर ते काढेलच, पण मागच्या चाकावर.

तेल खरंच खाली उतरतंय का, हे बघायला गाडी आठ दिवस उभी ठेवा आणि चालू न करता क्रँककेसचा ड्रेन प्लग उघडून निघालेलं तेल मापात धरा. थोडं तेल नेहमीच असतं. पाव लिटर किंवा त्याहून जास्त निघालं तर पंपाकडे बघायला हवं. उजव्या बाजूचं टायमिंग कव्हर उघडून पंपाच्या डिस्क काढायच्या, काचेवर बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून आठच्या आकड्यात फिरवून सपाट करायच्या, रॉकेलने इतक्या धुवायच्या की पेस्टचा कणही राहता कामा नये. स्प्रिंग दबून आखूड झाली असेल तर बदला. हे काम जुन्या बुलेटचा मिस्त्रीच करू जाणे. कॅच कॅन विकणाऱ्या दुकानात याबद्दल विचारलंत तर ‘डबा लावा, सगळं थांबेल’ असं उत्तर मिळायची तयारी ठेवा. डबा लावल्यावर तेल बाहेर पडायचं थांबतं हे खरं, पण ते डब्यात पडतं आणि ३०० मिलीचा डबा एका सकाळी भरतो.

रिंगा आणि बोअर गेले असतील तर चढावर ब्रीदरमधून सतत धूर निघतो, एग्झॉस्टला निळसर धूर असतो आणि किक हलकी लागते. तिथे वॉल्व्ह-डबा काही उपयोगाचे नाहीत. उलट, नुकतंच बोअर करून रिंगा टाकल्या असतील तर पहिल्या हजारेक किलोमीटरमध्ये थोडं तेल जास्त येतं, रिंगा बसेपर्यंत घाई करू नका.

एवढं सगळं ठीक करूनही हायवेला तासभर ७५-८० ने गाडी चालवली की नळीतून थोडी ओल येतेच. कॅच कॅन आहे तो या ओलीसाठी. आता किटकडे.

डब्याचं झाकण उघडून आत बघा, कारण खरी गोम तिथेच आहे. स्वस्त डबा आतून रिकामा असतो. एका नोझलमधून आलेली तेलकट हवा सरळ शेजारच्या नोझलमधून निघून जाते, मग तेल अडणार कसं? चांगल्या डब्यात आत आडवा पत्रा किंवा खालपर्यंत जाणारी नळी असते, त्यामुळे हवेला वळण घ्यावं लागतं, तिचा वेग कमी होतो आणि थेंब थंड भिंतीवर बसतात. तुमच्या डब्यात तसं काही नसेल तर भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची घासणी घ्या, तारांची गुंडाळी असते ती. दोन घासण्या सैल उकलून डब्याच्या वरच्या दोन तृतीयांश भागात बसवा, आत येणाऱ्या नोझलखाली थोडी मोकळी जागा सोडून. दाबून भरायच्या नाहीत, फुंकर मारली तर हवा सहज गेली पाहिजे. सुतारकामाचं स्टील वूल वापरू नका, त्याचे तुकडे पडतात आणि गंजतात. स्पंजही नको, गरम तेलात त्याचा चुरा होतो.

दुसरा दोष नोझलचा. किटवर बहुधा ९ मिमीची नोझल येते, सोबत १२ किंवा १५ मिमीचे अडॅप्टर असले तर नशीब. इंजिनच्या ब्रीदरचं तोंड व्हर्नियरने मोजा. समजा ते आतून १९ मिमी असेल तर ९ मिमीचं भोक म्हणजे चौथाईहूनही कमी क्षेत्रफळ. मघाशी म्हटलेली सतरा लिटर हवा आठवा. भोक लहान केलं की क्रँककेसमध्ये दाब तुंबतो, ब्रीदर कोरडा दिसतो, मालक खूश होतो आणि पुशरॉडच्या झाकणातून तेल यायला लागतं. नियम एकच: इंजिनपासून शेवटच्या टोकापर्यंत कुठेही भोक मूळ मापापेक्षा लहान होता कामा नये. अडॅप्टर नसेल तर लेथवाल्याकडून दोन नोझल करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

नळी सरळ फेकून द्या. पारदर्शक पीव्हीसी नळी इंजिनजवळ पहिल्याच उन्हाळ्यात पिवळी पडते, कडक होते आणि वळणावर चपटी होते. निळी-लाल सिलिकॉन नळी दिसायला छान, पण साध्या सिलिकॉनमधून तेल पाझरतं आणि बाहेरून धूळ चिकटून काळा थर बसतो. ऑइल-पेट्रोलला चालणारी काळी नायट्राइल रबरची, आत धाग्याची विणलेली नळी मागा. मीटरवर मिळते, दीड मीटर पुरते.

बाजूची पातळी दाखवणारी नळी कामाची कमी, गळायची जास्त. तिचे ओ-रिंग कडक झाले की डब्याच्या बाहेर तेल. शक्य असेल तर ती काढून दोन्ही भोकांना वायसर लावून बोल्ट मारा आणि वेळेवर ड्रेन उघडा. ड्रेन प्लगला ॲल्युमिनियमचा वायसर घाला आणि हात आवरा, डब्याचा आटा (पेच) मऊ असतो, एकदा गेला की गेला. ब्रॅकेटचा पत्रा बुलेटच्या थरथरीला टिकत नाही, वाकवलेल्या कोपऱ्यावर बरोबर तुटतो. तीन मिमीची पट्टी कापून घ्या आणि बोल्टला दोन्ही बाजूंनी रबर बुश द्या. आता एवढं सगळं बदलल्यावर किटमधलं उरलं काय, असं कोणी विचारलं तर उत्तर: डबा आणि क्लिपा. क्लिपा मात्र चांगल्या येतात.

बसवताना जुन्या गाडीची मांडणी नीट बघून घ्या, सालानुसार ती बदलते. आधीच्या गाड्यांत क्रँककेसवरच्या ब्रीदरची नळी मागे चेनकडे सोडलेली असते, तेलाचा तुषार चेनला मिळावा म्हणून. नंतरच्या गाड्यांत ऑइल फिलरच्या (तेल ओतायच्या तोंडाच्या) गळ्यापासून नळी टूलबॉक्सजवळच्या पत्र्याच्या डबीत जाते, डबीतून एक नळी एअर फिल्टरला आणि एक बारीक नळी जमलेलं तेल परत इंजिनला नेते. ही डबी काढून नवा डबा लावताना ती बारीक परतीची नळी लोक तशीच लोंबत ठेवतात, किंवा नळी काढून तिचं इंजिनवरचं तोंड उघडं सोडतात. मग पिस्टन वर जाताना त्या भोकातून हवा आत येते, डकबिल कितीही नवं असलं तरी पोकळी बनत नाही, आणि दोष नव्या किटवर जातो. ते तोंड रबर कॅप आणि क्लिप लावून घट्ट बंद करा. फिलर कॅपचं पॅकिंग आणि डिपस्टिकचं बसणंही बघा, तिथूनही हवा आत जाते.

नळी इंजिनपासून डब्यापर्यंत सतत चढती हवी. मध्ये झोळ पडला तर तिथे तेल-पाणी साचतं आणि वाट बंद होते. डबा टूलबॉक्सच्या मागे किंवा सीटखाली, हवा लागेल पण चिखल उडणार नाही असा बसवा. एग्झॉस्ट पाइपजवळ नको, डबा थंड राहिला तरच वाफेचं तेल होतं. बाहेरच्या नोझलची नळी डाव्या बाजूने चेनच्या मागच्या भागाकडे न्या आणि तिचं तोंड टायरच्या रेषेच्या बाहेर ठेवा. घाटात वळणावर मागच्या टायरला तेल लागलं तर पडायला चमचाभर पुरतं. जास्तीचा वॉल्व्ह लावायचा असेल तर तो इंजिनच्या जितका जवळ तितका चांगला, कारण वॉल्व्हपर्यंतच्या नळीतली हवाही दर फेऱ्याला दबते आणि फुगते, तेवढा परिणाम कमी होतो.

काम झाल्यावर खात्री करायची असेल तर दीड-दोन मीटर पारदर्शक नळी ‘यू’ आकारात वाकवून पाटीला बांधा, अर्धी रंगीत पाण्याने भरा, एक टोक बुचाच्या भोकातून फिलरच्या तोंडाला जोडा. इंजिन सुरू केल्यावर पाणी इंजिनच्या बाजूला काही सेंटिमीटर वर चढलं तर पोकळी बनतेय. ‘यू’चा इंजिनकडचा हात निदान हातभर उंच ठेवा आणि थ्रॉटल देताना नजर हलवू नका, नाहीतर पाणी थेट इंजिनमध्ये.

पर्यायांबद्दल थोडक्यात. ब्रीदरच्या तोंडाला नुसता छोटा शंकूसारखा फिल्टर अडकवणं हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात वाईट उपाय. त्यात वॉल्व्ह नसतो, इंजिन दोन्ही दिशांनी श्वास घेत राहतं, फिल्टर तेलाने भिजतो, भिजलेल्यावर धूळ बसते. पाचपैकी अर्धा. कारचा पीसीव्ही (क्रँककेसची हवा सोडणारा) वॉल्व्ह किंवा ब्रेक बूस्टरचा चेक वॉल्व्ह लावणारेही आहेत. त्यातली स्प्रिंग सेकंदाला ५० वेळा उघडझाप करण्यासाठी बनलेली नाही, आयडलला चालतो आणि वेग वाढला की मागे पडतो. दीड. पातळ पत्तीचा रीड वॉल्व्ह मात्र खरंच उत्तम, हलक्या दाबाला उघडतो आणि झटकन मिटतो. डकबिलच्या जागी बसवायला होल्डर करून घ्यावा लागतो आणि बाणाची दिशा बघावी लागते. साडेचार, पण खिसा बघून.

आता यूसीईवाले. २००९-१० पासूनच्या क्लासिक-बुलेटच्या यूसीई इंजिनला वेगळी टाकी नाही, तेल खालीच असतं आणि ब्रीदरची नळी एअर बॉक्समध्ये जाते. तिथे तेल सापडलं तर आधी पातळी बघा. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद करून काही मिनिटं गेल्यावर, उजवीकडच्या काचेत तेल दोन खुणांच्या मध्ये. सर्व्हिसला ‘एक बाटली पूर्ण, दुसरी पण पूर्ण’ असं ओतलं असेल तर जास्तीचं तेल एअर बॉक्समध्ये येणारच. फिल्टर भिजला की हवा कमी पडते, स्पार्क प्लग काळा होतो. पातळी उतरवा, बॉक्सच्या तळाची ड्रेन नळी मोकळी करा, भिजलेला पेपर फिल्टर बदला, धुवायच्या फंदात पडू नका. तरीही कॅच कॅन लावायचाच असेल तर इंजिन आणि एअर बॉक्सच्या मध्ये लावा, बाहेरची नोझल पुन्हा एअर बॉक्सलाच जोडा. नळी बाहेर सोडून बॉक्सचं भोक उघडं ठेवलं तर तिथून न गाळलेली हवा जाईल. बीएस ६ या प्रदूषण नियमांतल्या गाड्यांत क्रँककेसची वाफ हवेत सोडायला परवानगीच नाही, आणि वॉरंटीतल्या गाडीला हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारलेलं बरं.

डबा पहिल्यांदा ५०० किलोमीटरला उघडा, नंतर प्रत्येक ऑइल बदलाला. हजार किलोमीटरमध्ये एक-दोन चमचे काळपट तेल जमलं तर सगळं ठीक. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत, डब्यात सायीसारखा पांढरट थर दिसतो. घाबरून हेड उघडू नका. बुलेटला पाण्याचं कूलिंग नाही, त्यामुळे गॅसकेट फुटून पाणी आलं हा प्रश्नच उद्भवत नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, ती थंड इंजिनमध्ये तेलात मिसळते. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास सलग चालवली की तो थर कमी होतो. डब्यातलं तेल ‘चांगलंच दिसतंय’ म्हणून परत इंजिनमध्ये ओतू नका, त्यात पाणी आणि आम्ल असतं. बाटलीत भरून गॅरेजच्या जुन्या तेलाच्या ड्रममध्ये टाका, गटारात नको.